सरकारचा उतारा

दात उपटायच्या आधी दाताची माफी मागणाऱ्या डॉक्टर मी आजवर एकच पाहिल्या. वणीत मी त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. मी त्यांना काकू म्हणायची. गल्ली त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायची.

"माफ कर बापा," पेशंटच्या तोंडात वाकून काकू त्या किडलेल्या दाढेला हळूच सांगायच्या, "तुह्यी काही चूक नाही. तंबाखूचा खर्रा यानं खाल्ला, अन् सजा तुले भेटून राह्यली." खुर्चीत आडवा पडलेला माणूस राजूरच्या खाणीतला असो की कापसाचा व्यापारी, तो असा ओशाळायचा की दुखलं तरी हूं की चूं करायचा नाही. उपटलेला दात काकू कापसावर ठेवून क्षणभर बघत राहायच्या. मग पेशंटलाच विचारायच्या, "तुमच्यापैकी कोणाले जास्त दुखलं?"

कुणालाही 'नाही' म्हणणं त्यांना जमायचं नाही. फडे विकणारी बाई दारात आली की काकू एक फडा घ्यायच्याच, त्यामुळे माझ्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याखाली झाडूंचं जंगल झालं होतं. दवाखाना घरातच, समोरच्या खोलीत होता, आणि गल्लीतली एक मांजर तिथल्या खुर्चीत झोपायची. तिला उठवणं काकूंच्या जिवावर यायचं, म्हणून कित्येकदा पेशंट स्टुलावर बसून आ करायचा आणि मांजर खुर्चीत पाय ताणून जांभई द्यायची. काकू तिचेही दात बघून घ्यायच्या.

आणि काका म्हणजे याच्या नेमके उलटे. ते गावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. दिवसभर मजुरांवर, ट्रकवाल्यांवर आणि फोनवर ओरडून त्यांचा आवाज कायमचा चढलेला राहिला होता. घरी येऊन "पाणी दे" म्हणाले तरी समोरच्या घरातलं कुणीतरी माठाकडे वळायचं. मिशा मोठ्या, पाऊल जड. गल्लीत सगळ्यांचं ठरलेलं मत होतं की एवढी गरीब गाय बिचारी कसायाच्या दावणीला पडली.

हे मत सगळ्यात ठाम होतं ते शेजारच्या राऊतकाकूंचं. त्यांचा ओटा आणि आमच्या घराचा व्हरांडा यांच्यात एक कमरेएवढी भिंत होती. तिच्यावर कोपर टेकवून राऊतकाकू आमच्या घराचा अभ्यास करायच्या. राऊतकाका मात्र पेपर वाचत बसलेले असायचे. मी त्यांना पेपर खाली ठेवताना फारसं पाहिलं नाही.

मी बाभुळगावची. नुकतीच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले होते. खोली देताना काकूंनी एकच अट घातली होती. "रविवारी दुपारी खाली नको येऊ. आमची विश्रांती असते." एवढं बोलून त्या लाजल्या. मला वाटलं, दवाखान्याच्या कामाने थकत असतील.

पण रविवार संध्याकाळचं दृश्य विश्रांती झालेल्या माणसांचं नसायचं. भर मे महिन्यात, कुलर घरघरत असताना, काकू व्हरांड्यातल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, जाड चादर पांघरून बसलेल्या असायच्या. नाक लाल, डोळे ओले. शेजारी काका हातात वाटी घेऊन त्यांना चमच्याने शिरा भरवत असायचे. भोंग्यासारखा आवाज असलेला माणूस अगदी खालच्या पट्टीत काहीबाही पुटपुटत असायचा. मग काकूंचे पाय मांडीवर घेऊन दाबायचा.

"पाह्यलं?" राऊतकाकू भिंतीवरून मला म्हणाल्या. "दुपारी झोडपते अन् संध्याकाळी शिरा चारते. असे माणसं मले मालूम आहे. तू शिकलेली पोरगी आहेस, काही तरी कर."

मला झोप लागेना. कारण दुपारी खालून आवाज तर यायचे. काही आपटल्याचा, काही ओढल्याचा, आणि मधूनच एक कडक बाईमाणसाचा आवाज. तो मी टीव्हीचा समजत होते.

अशाच एका रविवारी दुपारी मी पेपर तपासत होते. खालून काकूंचा आवाज आला, "ढेमसं." मग परत, जरा घाईने, "ढेमसं, ढेमसं." मला वाटलं भाजीवाला आला. मला ढेमसं फार आवडतात आणि आठवडाभर मिळाली नव्हती. अट विसरून मी पिशवी घेतली आणि जिना उतरले.

बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवाणखान्याचं दार अर्धं उघडं होतं. आत काका गुडघ्यांवर होते. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे, आणि डोक्यावर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अंगावर लग्नकार्यातली जरीची साडी, हातात लाकडी फूटपट्टी आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पाहते तोच काकांनी तांब्या खाली उतरवला, उठून काकूंच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "झालं, झालं," ते म्हणत होते. "संपलं. चादर आणतो."

वळताना त्यांना मी दिसले. मी पिशवी हातात धरून उभी.

"आज ढेमसं नाही आले पोरी," काका शांतपणे म्हणाले. "वर जाय."

मी वर गेले. पुढचे दोन दिवस घरात येताना-जाताना मी भिंतीकडे तोंड करून चालत होते. राऊतकाकूंना तर मी काय सांगणार. झोडपणारं कोण आणि झोडपून घेणारं कोण, याची माझ्या डोक्यात सारखी अदलाबदल होत होती.

मंगळवारी काकूंनी मला दवाखान्यात बोलावलं. म्हणाल्या, दात साफ करून देते. मला खुर्चीत झोपवलं, मांजर माझ्या पायांवर ठेवली, गालात कापसाचे बोळे कोंबले, आणि नळी लावली. मग म्हणाल्या, "आता तोंड बंद नको करू. मले काही सांगायचं आहे, अन् तू मधात बोलली तर माह्यानं सांगणं होणार नाही."

इतका मोठा कबुलीजबाब इतक्या असहाय अवस्थेत क्वचितच कुणी ऐकला असेल.

सांगता सांगता त्यांचं यंत्र माझ्या दातांवरून फिरत होतं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एकदा काका म्हणाले होते, दिवसभर मी लोकांले हुकूम सोडतो, माह्यं डोकं पिकते. एक दिवस तू सोड हुकूम. मले सांग काय करू ते. मी निस्ता ऐकीन. काकूंना वाटलं, यांना ऊन लागलं. पण ते परत परत म्हणत राहिले, आणि काकूंना 'नाही' म्हणणं जमायचं नाही हे तर सांगितलंच.

"पह्यल्यांदा मी म्हटलं, कृपा करून बसता का जरा. तर हे म्हणे, असं नाही. म्हटलं, मग कसं. हे म्हणे, मले तू म्हण." काकू थांबल्या. नळी माझ्या गालात गुरगुरत होती. "नवऱ्याले तू. मी आईच्या पोटात असल्यापासून असं ऐकलं नाही. म्हणून तर पाह्यलं. अन् माह्या तोंडातून असा आवाज निघाला पोरी, की मीच दचकली."

त्यांना ते जमलं. इतकं जमलं की काका खूश आणि काकू हादरलेल्या. त्या दुपारी त्या सरकार झाल्या. काका त्यांना तुम्ही म्हणायचे, त्या काकांना तू म्हणायच्या. त्यांनी काकांना तुरीचे खडे निवडायला लावले, चपला पुसायला लावल्या, कोपऱ्यात उभं केलं. पुढेपुढे काकांनी स्वतःच फूटपट्टी आणून दिली. सगळं आधी बोलून, ठरवून. आणि कुणालाही मध्येच नको वाटलं तर एक शब्द ठरवला, ज्याने सगळं तिथल्या तिथे थांबतं. काकांना जी भाजी बघवत नाही, तिचा.

"आधी आम्हाले वाटे का तो शब्द यांच्यासाठी आहे," काकू म्हणाल्या. "मार खाणाऱ्यासाठी. मग समजलं का मलेच लागते तो."

कारण खेळ झाल्यावर काकांच्या तळव्यांना त्या मलम लावायच्या, केळ खाऊ घालायच्या, आणि काका समाधानाने घोरत झोपायचे. आणि सरकार? सरकार मोरीत बसून रडायच्या. अंगात थंडी भरायची. आपण कोण आहोत, हा आवाज आपल्यात कुठून आला, जो बाप आपल्यावर असाच खेकसायचा तोच आता आपल्या गळ्यातून बोलतो की काय, असं वाटायचं. कधी हे लगेच व्हायचं नाही. सोमवार चांगला जायचा आणि मंगळवारी एखाद्या सुळ्याला भूल देताना एकाएकी रडू फुटायचं. दाताची माफी मागण्याची सवय त्यांना तेव्हाच लागली होती.

काकांना हे कळलं ते एका रुमालामुळे. त्यांनी मोरीच्या दारामागे ओला रुमाल पाहिला आणि काकूंना समोर बसवून सगळं विचारून घेतलं. मग ते जे म्हणाले ते काकूंनी मला जसंच्या तसं सांगितलं. "वखर सुटला का बैलाले पाणी दाखवता. हाकणाऱ्यालेबी तर तहान लागते ना. त्याले कोण पाणी दाखवन?"

त्या दिवसापासून सरकारचा उतारा सुरू झाला. हा शब्द काकांचाच. जे अंगात चढलं ते उतरवायचं, म्हणून उतारा. चादर, गुळाचा शिरा, पाय दाबणं, आणि मग ठरलेली प्रश्नोत्तरं.

"आता चूळ भर," काकू म्हणाल्या. मी भरली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काकू, ढेमसं मला आवडतात." एवढंच सुचलं. त्या इतक्या हसल्या की मांजर उडी मारून पळाली.

त्यानंतर रविवार संध्याकाळी मला खाली शिरा खायला बोलावणं येऊ लागलं. प्रश्नोत्तरं माझ्या कानांवर पडायची.

"तुम्हाले लागलं नाही ना?"

"लागलं. जितकं मागतलं होतं तितकंच."

"मी खरीच तशी आहे का हो?"

"तशी असती तर मांजरीले उठवलं असतं खुर्चीतून."

काकू त्याच प्रश्नावर पुन्हा यायच्या, आणि काका दर वेळी नव्याने विचारल्यासारखं उत्तर द्यायचे. ट्रकवाल्याला दुसऱ्यांदा पत्ता सांगताना ज्याच्या डोळ्यांत रक्त उतरायचं, तो हाच माणूस. मंगळवारी दुपारी ते जिनिंगमधून दवाखान्यात फोन करायचे. तिथे त्यांचा आवाज लपायचा नाही. "उतारा पुरला का? अजून पायजे का?" हे ऐकून जिनिंगच्या कारकुनाला वाटलं, साहेबांचा शेतीचा काही कागद अडलाय. तो बिचारा तलाठ्याची ओळख काढून घेऊन आला. काकांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "हा उतारा तलाठ्याच्या हातचा नाही."

मग तो रविवार आला. कापसाचा भर मोसम होता. दुपारी खेळ मध्यावर असताना जिनिंगमधून फोन आला की कापसाच्या गंजीला आग लागली. काकांनी तळहात झटकले, पायात चप्पल अडकवली आणि मोटरसायकल काढली. कापसाची आग कशी असते हे तिकडे सगळ्यांना माहीत. वरून विझली तरी आत धुमसत राहते, माणसाला हलू देत नाही. काका त्या दिवशी परत आले नाहीत, सोमवारीही नाही. फोन केला की म्हणायचे, सगळे सलामत आहेत, पाणी मारून राह्यलो, ठेवतो.

मंगळवारी सकाळी कॉलेजला निघाले तर दवाखान्याचं दार बंद. बाहेर गाल धरून माणसं बसलेली. आत व्हरांड्यात काकू बंगईवर, पण चादर नाही. फूटपट्टी मोडून जिन्याखालच्या झाडूंत टाकलेली.

"मी वाईट बाई आहे," त्या मला म्हणाल्या. "देवमाणसाले गुडघ्यावर बसवलं, अन् त्याच वक्ताले तिकडं आग लागली. हे संपलं. मी आता कोणालेच काही सांगणार नाही. पेशंटले तोंड उघडासुद्धा म्हणणार नाही."

मला काय करावं कळेना. मी काकांना फोन लावला. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज होता.

"काका, काकूंचा उतारा राहिला," मी म्हटलं.

ते पलीकडे कुणावर तरी खेकसले, "पाइप धर रे कोणी." आणि मला म्हणाले, "लिहून नको घेऊ, ऐक. पह्यले चादर. जाड. मग शिरा कर, गूळ हात सैल सोडून टाक. पाय दाब. अन् तिले सांग का मले मजा आली."

"मी सांगू?"

"मंग कोण सांगन? अग्निशामकवाले?"

मी चादर दिली. शिरा केला, तो खाली लागला. पाय दाबू लागले तर काकू संकोचाने पाय ओढून घेऊ लागल्या. शेवटी मी कॉलेजात प्रयोगाचा निष्कर्ष सांगते तशा स्वरात म्हटलं, "काकू, काकांना मजा आली."

"खरंच म्हणाले?"

"हो."

"कशी म्हणाले?"

माझा नाइलाज झाला. मी परत फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. नेमक्या त्याच वेळी राऊतकाकू भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. बंद दवाखाना पाहून, आता काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असा त्यांचा चेहरा होता.

"सरकार," फोनमधून काकांचा भोंगा अख्ख्या गल्लीत घुमला. मागे बरीच माणसं बोलत होती, ती गप्प झाली. "सरकार, तुम्ही आईकून राह्यले ना? मले काहीबी झालं नाही. आग बिडीनं लागली, तुमच्यानं नाही. मले मजा आली. रविवारी आली, त्याच्या आधल्या रविवारीबी आली. तुम्ही चांगल्याच आहात. शिरा खा."

काकूंनी चमचा तोंडात घातला. राऊतकाकूंनी भिंतीवरचं कोपर काढलं. मग आपल्या नवऱ्याच्या पेपरकडे पाहून त्या अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मले कधी असं फोनवर बोलले का हो?" पेपर थोडा हलला, इतकंच.

दुपार कलल्यावर काका आले. डोक्यापासून पायापर्यंत काजळी, मिशीचं एक टोक जळून आखूड झालेलं. फाटकातून सरळ व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. मी उठून जाऊ लागले, तर काकूंनी माझा हात धरून ठेवला.

"मी ठरवलं आहे," त्या म्हणाल्या. "आता ते रविवारचं बंद."

काकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, काजळी आणखी पसरली. त्यांना ते किती हवं होतं हे मला माहीत होतं. या बाईपुढे हात पाठीमागे बांधून बसायची त्यांची ती एकच दुपार होती सगळ्या आठवड्यात.

"बंद कर," ते म्हणाले. "तुले नको तर मले नको. त्याच्यात काही विचारायचं नाही." मग घसा साफ करून म्हणाले, "पण उतारा नको बंद करू. त्याच्याशिवाय तू मले पाय दाबू देत नाहीस. लगेच म्हणतेस, राहू द्या, तुम्ही थकले असान."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. जळक्या मिशीकडे, काळ्या तळव्यांकडे. दोन दिवस आग विझवून आलेला माणूस, आणि मागत काय होता तर पाय दाबायची परवानगी.

"आधी आंघोळ करून घेता का जरा," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

काका उठले नाहीत. मान खाली घालून पायरीवर तसेच बसून राहिले. पण त्यांच्या मिशीचं शाबूत टोक किंचित वर गेल्याचं मला दिसलं.

काकूंनाही ते दिसलं असावं. त्यांनी अंगावरची चादर बाजूला केली, वाटी माझ्या हातात दिली आणि बंगईवर पाठ ताठ केली. त्या काय बोलणार आहेत हे मला कळायच्या आत तो आवाज निघाला. कडक, स्वच्छ, एकाही 'कृपा करून'शिवाय. गल्लीने तो त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"ऊठ. चपला बाहेर काढ. अन् आधी आंघोळीले जाय."

काका ताडकन उठले आणि हसू दाबत आत पळाले. भिंतीपलीकडे राऊतकाकांनी पेपर खाली ठेवला, ओट्यावर चपला काढल्या, आणि बायकोकडे न बघता मुकाट्याने आंघोळीला गेले.